जुना डिजिटल कॅमेरा घेताय? खिशात आधी दोन चांगले सेल ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खिशात मावणाऱ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना पुन्हा दिवस आले आहेत. आलमारीत दहा-पंधरा वर्षं पडून असलेले कॅनन, निकॉन, सोनीचे छोटे कॅमेरे पोरं शोधून काढताहेत. नागपुरात सीताबर्डीच्या दुकानांपासून तालुक्याच्या मोबाइलवाल्यापर्यंत त्यांची विचारणा होते आहे. पण त्याबद्दल छापून येतं ते बहुधा 'जुन्या फोटोचा वेगळा रंग' एवढंच. कोणते सेल लागतात, कोणतं कार्ड चालतं, आपल्याकडच्या ४५ अंशांत आणि सोयाबीनच्या कुटारात (मळणीच्या भुशात) तो कॅमेरा का दगा देतो, हे कोणी लिहीत नाही. तालुक्याच्या गावी फोटो काढण्याचं आणि कॅमेरे दुरुस्त करण्याचं काम करणारे आम्ही काही जण मिळून हे लिहितो आहोत. पत्र लांबलं आहे, पण 'बंद' म्हणून आलेल्या अनेक कॅमेऱ्यांत बिघाड नसतोच, सेल चुकीचे असतात, म्हणून लिहिणं भाग पडलं.

सेलपासूनच सुरुवात करू. कॅनन पॉवरशॉटच्या ए मालिकेतली ए४९५, ए८००, ए१२००, ए१३०० ही मॉडेलं आणि निकॉन कूलपिक्सच्या एल मालिकेतले बरेच कॅमेरे दोन पेन्सिल सेलवर चालतात. खेड्यात हे सोयीचं, कारण पेन्सिल सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. आणि घोटाळा होतो तोही इथेच. दुकानदार देतो तो घड्याळाचा, रिमोटचा कार्बन-झिंकचा स्वस्त सेल. घड्याळाला करंट नावापुरता लागतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. लेन्स बाहेर ढकलणारी मोटर आणि फ्लॅशचा कपॅसिटर एका दमात भरपूर करंट ओढतात. साध्या सेलचा आतला रोध जास्त, त्यामुळे ओढ बसली की व्होल्टेज एकदम खाली येतं. लेन्स अर्धी बाहेर येते, पडद्यावर 'बॅटरी बदला' उमटतं आणि कॅमेरा गप्प. सेल कोरा करकरीत असूनही असं होतं, म्हणून माणूस कॅमेऱ्यालाच दोष देतो.

अल्कलाइन सेलवर काम भागतं. रोजच्या वापराला मात्र निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेलच घ्यावेत. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून घाबरू नका. ओझं पडलं तरी तो जवळपास तेवढ्यावरच टिकून राहतो, म्हणून तर तो चालतो. क्षमता २००० ते २१०० मिलिअँपिअर-तास असावी आणि पाकिटावर 'लो सेल्फ-डिस्चार्ज' लिहिलेलं असावं. तसे सेल भरून ठेवले तर सहा महिन्यांनीही कामाला येतात. दुसरे महिना-दीड महिन्यात नुसते ठेवूनच उतरतात. ३५०० किंवा ४७०० छापलेले चमकदार सेल बाजारात दिसतील. या जातीच्या पेन्सिल सेलमध्ये २८००-२९०० च्या वर जाण्याची सोयच नाही, तेव्हा तो आकडा खोटा समजा. दोन सेल जोडीनेच भरा आणि जोडीनेच वापरा. पेनने दोन्हींवर एकच खूण करून ठेवली की झालं. एक भरलेला आणि एक अर्धा असे घातले तर अर्धा सेल उलटा भरला जाऊन कायमचा मरतो. निकॉनमध्ये सेटअपच्या मेनूत 'बॅटरी टाइप' आहे. रिचार्जेबल घालून तिथे अल्कलाइनच ठेवलं, तर बॅटरी किती उरली हे कॅमेरा चुकीचं दाखवतो.

आता जिथे पैसे बुडतात ती गोष्ट. टॉर्चसाठी पेन्सिल सेलच्याच आकाराचा एक लिथियम-आयन सेल मिळतो. त्यावर १४५०० असा आकडा आणि ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. तो कॅमेऱ्यात बरोबर बसतो. दोन घातले की ३ व्होल्टच्या कॅमेऱ्याला साडेसात व्होल्टच्या आसपास मिळतात आणि आतला बोर्ड जळतो. त्यावर इलाज नाही.

सेलच्या झाकणाचा हूक हे या स्वस्त कॅमेऱ्यांचं दुसरं दुखणं. आत स्प्रिंग जोर करते, झाकण प्लॅस्टिकचं, चार-पाच वर्षांत हूक तुटतो. झाकणाच्या कडेला एक बारीक दांडी असते, ती आतलं बटण दाबते; ती तुटली तर सेल नीट बसूनही कॅमेरा सुरू होत नाही. पहिल्यावर जाड रबर बँड चालतो, दुसऱ्यावर झाकणच बदलावं लागतं. आत पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. कानाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब घेऊन पत्री पुसा, मग स्पिरिटने पुसून वाळू द्या. पॉलिश पेपर घासू नका. पत्रीवरचा मुलामा निघतो आणि मग ती रोज गंजते.

जुना कॅमेरा पाहायला जाताना वर सांगितलेले दोन रिचार्जेबल सेल भरून आणि ४ किंवा ८ जीबीचं एसडीएचसी कार्ड सोबत न्या. विकणाऱ्याच्या सेलवर विसंबू नका. कॅमेरा सुरू करून लेन्सचा आवाज ऐका: सरसर आला तर ठीक, करकर आला तर आत रेती आहे. झूम दोन्ही टोकांपर्यंत दोनदा फिरवा. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीचा पूर्ण झूमवर फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. तोच करडा ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असेल तर सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) धूळ बसली आहे. लेन्सवर तिरपा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, तो कॅमेरा सोडून द्या. फ्लॅश अंधारात मारून बघा. तारीख विचारली म्हणून नाक मुरडू नका. आतली छोटी बॅटरी वर्षानुवर्षं उतरलेली असते. बहुतेक मॉडेलांत भरलेले सेल घालून रात्रभर ठेवलं की ती पुन्हा भरते, काही जुन्या मॉडेलांत मात्र बटणासारखा वेगळा सेल असतो, तो बदलावा लागतो. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेले कॅमेरे शक्यतो टाळा. त्या काळात अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसलेल्या सीसीडी सेन्सरमध्ये आतली तार सुटण्याचा दोष निघाला होता आणि २००५ मध्ये कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून देण्याचं जाहीरही केलं होतं. उष्ण आणि दमट हवेत तो दोष लवकर उघडा पडतो, म्हणजे आपल्याकडच्या जुलैत. फोटो जांभळा, पट्ट्या-पट्ट्यांचा किंवा नुसता काळा येऊ लागतो.

केबल नाही म्हणून अडू नये, साधा कार्ड रीडर पुरतो. कार्डाचं गणित मात्र लक्षात ठेवा. फार जुन्या कॅमेऱ्यात २ जीबीपर्यंतचं साधं एसडीच चालतं. एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत असतं. एसडीएक्ससी न घेणाऱ्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं एसडीएक्ससी घातलं की कार्ड खराब असल्याचा संदेश येतो आणि लोक चांगलं कार्ड फेकून देतात. जुन्या ऑलिंपसमध्ये एक्सडी आणि जुन्या सोनीत मेमरी स्टिक लागते. ती कार्डं आता धुंडाळत फिरावी लागतात, तेव्हा असे कॅमेरे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत हे आमचं मत. १० मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ एमबीचा होतो, म्हणजे ४ जीबीत हजार-बाराशे फोटो मावतात. लग्नाला तेवढे पुष्कळ झाले.

कार्ड घेऊन ऑनलाइन सेंटरवर जाण्याआधी त्याच्या डाव्या कडेची खिटी 'लॉक'कडे सरकवा. तिथल्या कॉम्प्युटरमधला शॉर्टकटचा व्हायरस कार्डात शिरला की फोटोंचे फोल्डर दिसेनासे होतात. फोटो तसेच आत असतात, पण घाबरून माणूस फॉरमॅट मारतो. परत आल्यावर खिटी पुन्हा वर सरकवायला विसरू नका, नाहीतर 'कार्ड लॉक' म्हणून पुन्हा दुकान गाठाल. फोटो चुकून पुसलेच गेले, तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नका. फोटोरेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने बहुतेक परत निघतात. वरून नवे फोटो लिहिले गेले तर निघत नाहीत.

आता धूळ. बाहेर सरकणाऱ्या लेन्सच्या नळ्या एकात एक बसलेल्या असतात आणि त्यांच्यात केसाएवढी फट असते. हडंबा (मळणीयंत्र) सुरू असताना उडणारं कुटार, कापसाचे तंतू, मिरचीची बारीक पूड नेमकी त्या फटीत जाते. लेन्स आत जाताना ते सगळं ओढून नेते. मग 'लेन्स एरर, कॅमेरा पुन्हा सुरू करा' असा संदेश येतो. दुसरं कारण पिशवीचं. कॅमेरा झोळीत असताना बटण दाबलं जातं, लेन्स कापडावर जोर करते आणि आतल्या गिअरचा दात घसरतो. तिसरं कारण पुन्हा तेच, उतरलेले सेल. म्हणून एरर आली की आधी सेल काढून मिनिटभर थांबा आणि पूर्ण भरलेले घाला. कॅमेरा लेन्स जमिनीकडे करून धरा, रबरी ब्लोअरने नळीभोवतीच्या फटीत सगळीकडून हवा मारा, तसाच धरून सुरू करा. दोन-तीनदा करून बघा. लेन्स एका बाजूला तिरकी झाली असेल तर थांबा, तिला हाताने ढकलू नका. तोंडाने फुंकू नका, थुंकी आत जाते. आणि पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर तर अजिबात नको. त्या दाबाने फटीतली धूळ थेट सेन्सरवर जाऊन बसते. खळ्यावर नुसते काढलेले फोटो दाखवायचे असतील तर पॉवरचं बटण न दाबता फोटो पाहण्याचं, त्रिकोणाच्या खुणेचं बटण दाबून कॅमेरा सुरू करा. बहुतेक मॉडेलांत त्याने लेन्स बाहेर येत नाही.

या कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलेलं असतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याच्या मे महिन्याला हे सांगून उपयोग नाही, पण सावलीत ४५ आणि मोटारीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी जास्त, हा फरक जपता येतो. काळ्या पिशवीऐवजी पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळा. कुलरसमोरच्या फळीवर ठेवू नका. कुलरची हवा गार असते तशीच ओलीही असते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल घालून त्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परता. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नका, त्या रंगात कोबाल्ट असतं. भिजलेला कॅमेरा तांदळात पुरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तांदळाची भुकटी लेन्समध्ये जाते, एवढंच त्याने साधतं.

मग एवढं करून हा कॅमेरा घ्यावा कशाला, मोबाइल असताना? तीन कारणं आहेत: लेन्स सरकवून होणारा खरा ऑप्टिकल झूम, क्षणभर प्रखर चमकणारा झेनॉनचा फ्लॅश आणि बदलता येणारे सेल. पासपोर्ट फोटो मोबाइलने जवळून काढला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन मीटरवर उभं राहून झूम मध्यावर आणून काढा, चेहरा जसा आहे तसा येतो. पोळ्याच्या गर्दीत बैलजोडीचा फोटो तोरणाच्या लांबून घेता येतो. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाइल वापरू देत नाहीत, तिथे हा खिशातला कॅमेरा उपयोगी पडतो. डिजिटल झूम मात्र मेनूतून कायमचा बंद करा, तो फोटो फक्त ताणतो. ए१२०० आणि ए१३०० ला डोळा लावून पाहायची खिडकी आहे. दुपारच्या उन्हात पडदा काळा दिसतो तेव्हा तिची किंमत कळते. फक्त ती लेन्सच्या वर असल्याने जवळच्या माणसाची चौकट थोडी चुकते.

शेतकऱ्याला सर्वांत जास्त उपयोग आहे तो जवळून काढायच्या फोटोचा. पऱ्हाटीवर (कपाशीवर) डोमकळी (गुलाबी अळीमुळे न उमललेली कळी) दिसली किंवा बोंडात अळी निघाली की कृषी विज्ञान केंद्राला फोटो पाठवतात, आणि त्यातले कित्येक फोटो धूसर असतात. पद्धत अशी. सकाळी ८ ते १० च्या उजेडात बोंड चिरून पांढऱ्या कागदावर ठेवा. फुलाच्या खुणेचा मॅक्रो लावा आणि झूम पूर्ण मागे घ्या. झूम पुढे गेला की जवळून फोकस होतच नाही, सगळा गोंधळ इथेच होतो. काही मॉडेलं एक सेंटिमीटरपर्यंत जवळ जातात, पण तेवढ्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली पडते. पाच-सहा सेंटिमीटर बरं. फ्लॅश बंद. ऊन लागत असेल तर सावलीला काळी छत्री धरा. रंगीत छत्रीचा रंग फोटोत उतरतो आणि अळी गुलाबी आहे की नाही हाच तर प्रश्न असतो. बटण अर्धं दाबा, हिरवी चौकट अळीवरच आली का पाहा, मागच्या पानावर आली असेल तर सोडून पुन्हा दाबा, मग पूर्ण दाबा. पांढरा कापूस आणि पांढरा कागद चौकट भरून असेल तर कॅमेरा त्याला करडा करतो, म्हणून पी मोडमध्ये उजेडाची पट्टी +२/३ वर न्या. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. फोटो तीन काढा: पूर्ण झाड, बोंड आणि अळी. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला तर तो आकसतो आणि तारीख-वेळेची आतली नोंदही जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की मूळ फाइल तशीच पोचते. ई-पीक पाहणीसाठी मात्र या कॅमेऱ्याचा उपयोग नाही, तिथे मोबाइलच्या अॅपमधून जागेच्या नोंदीसह काढलेलाच फोटो लागतो.

फ्लॅशबद्दल एक गैरसमज गावोगाव आहे. पालखीत गुलाल-बुक्का उडत असताना किंवा रात्री खळ्यावर फोटो काढला की त्यात पांढरे गोल गोल दिवे दिसतात. कोणी त्याला देवाचा साक्षात्कार म्हणतं, कोणी भूत. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्याचा उजेड लेन्ससमोर चार बोटांवर तरंगणाऱ्या धुळीच्या कणावर पडतो, कण फोकसमध्ये नसल्याने गोल चकती होऊन दिसतो. मोठ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश वर, लांब असतो, म्हणून त्यात हे कमी. फ्लॅश बंद करा, देव आणि भूत दोघंही जातात. तसाच फ्लॅशचा पल्ला. हा छोटा फ्लॅश तीन मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात दहाव्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्याला पुढच्या प्रेक्षकांची डोकी पांढरी मिळतात आणि रंगमंच काळा. तिथे फ्लॅश बंद, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००, आणि कॅमेरा अर्धा किलो तुरीच्या छोट्या कापडी पिशवीवर टेकवून दोन सेकंदांचा टायमर. आयएसओ ८०० च्या वर या नखाएवढ्या सेन्सरवर चेहऱ्याचा रवाच होतो. उलट भर दुपारी, टोपीखालचा चेहरा काळा पडतो तेव्हा, फ्लॅश मुद्दाम सुरू ठेवा.

प्रिंटला देताना लॅबवाल्याशी भांडण होतं ते चौकटीवरून. या कॅमेऱ्याचा फोटो ४:३ चा, ४ x ६ इंचाचा कागद ३:२ चा. उंचीतला साधारण ११ टक्के भाग कापला जातो, आणि उभ्या रांगेतल्या फोटोत तो भाग म्हणजे आजोबांचा फेटा किंवा पुढच्या लेकरांचे पाय. फोटो काढतानाच वर-खाली जागा सोडा. मेगापिक्सेलची चिंता नको, ४ x ६ ला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात.

शेवटी आपल्याला एक विनंती. '४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम' अशा नव्या, अगदी स्वस्त कॅमेऱ्यांच्या जाहिराती सध्या सगळीकडे आहेत. यातल्या बहुतेकांत लेन्स हलत नाही, फोकस पक्का बसवलेला असतो, झूम निव्वळ डिजिटल, फ्लॅशच्या जागी एलईडीचा दिवा आणि मेगापिक्सेल सॉफ्टवेअरने फुगवलेले. वरच्या बोंडअळीचा फोटो त्याने निघणारच नाही. अशी जाहिरात आपल्याकडे आली तर ऑप्टिकल झूम किती, फोकस आपोआप होतो की नाही आणि फ्लॅश झेनॉनचा आहे की एलईडीचा, एवढ्या तीन गोष्टी जाहिरातदाराला छापायला सांगाव्यात.

आपले,
तालुक्यातील छायाचित्रकार व कॅमेरा दुरुस्ती करणारे,
जि. यवतमाळ